माझ्या पाठीवरचे पाच शब्द

मी एक जुने पॅड आहे, मित्रांनो. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, तसेच. तपकिरी पुठ्ठा, वर लोखंडी चिमटा आणि एक कोपरा पार झिजलेला. तो कोपरा उंदराने खाल्ला असे सगळे समजतात, पण खरे तर मी तीनदा जिन्यावरून पडलो आहे. सध्या माझा मुक्काम एका रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर आहे. अंगावर जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा आहे आणि खाली चाक निखळलेली एक खुर्ची आहे. आम्ही कुणी कुणाशी बोलत नाही. आज मात्र मला बोलायचे आहे, कारण एक गोष्ट माझ्या मनात फार दिवस सलते आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. लाकडाचा लगदा गरम दाबाखाली ठेवून मोठे तक्ते काढायचे, ते कापायचे, कडा घासायच्या आणि मग रिव्हेट ठोकून चिमटा बसवायचा, असे तिथले काम. चिमटे बसवणारी बाई प्रत्येक चिमट्यात स्वतःचे बोट घालून पाही. माझ्या चिमट्यात बोट घातले आणि ती ओरडली, "आई गं! हा भलताच कडक निघाला!" आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

पुढे स्टेशनरीच्या दुकानात मी मोठ्या आशेने उभा राहिलो. एखादी हुशार मुलगी मला नेईल, माझ्यावर पेपर लिहील, पहिली येईल आणि थोडे श्रेय मलाही मिळेल, अशी माझी स्वप्ने. झाले भलतेच. एके दिवशी रुग्णालयाच्या भांडारातला माणूस आला आणि आम्हा दोन डझन भावंडांना दोरीने बांधून घेऊन गेला. परीक्षा माझ्या नशिबी होत्याच, पण त्या अशा, की ज्यांत कुणाला पहिले यायचे नसते.

पहिली दोन वर्षे मी एका खाटेच्या पायथ्याशी लटकत होतो. ताप किती, नाडी किती, लघवी किती. माझ्यासारख्या मानी पॅडला ते जरा लागतच असे. मग एका सकाळी आमच्या वॉर्डातल्या थेरपिस्टने मला खुंटीवरून उचलले. सगळा वॉर्ड तिला ताई म्हणत असे, अगदी तिच्या वडिलांच्या वयाची माणसेसुद्धा. तिने माझा चिमटा दाबून पाहिला, "हा बरा आहे, कागद हलणार नाही," असे म्हणाली आणि मी तिचा झालो.

आमचा वॉर्ड मेंदूचा झटका आलेल्यांचा होता. मेंदूकडे जाणारे रक्त अचानक अडले, की माणसाचा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते. हे सगळ्यांना दिसते. पण आत आणखी काही मोडलेले असू शकते, ते कुणाला दिसत नाही. लक्षात ठेवणे, लक्ष लावणे, कोणते काम आधी, कोणते नंतर ते ठरवणे. हात परत हलू लागला, माणूस बोलू लागला, की घरचे म्हणतात, "चला, सुटलो." ताईचे काम तिथून सुरू होई. रुग्ण उठून बसायला लागला, की पहिल्या काही दिवसांतच ती त्याच्यापाशी जाई आणि अर्धा तास साधे साधे प्रश्न विचारी. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत चला. अकरा वाजून दहा मिनिटे झालेले घड्याळ काढा. आणि सुरुवातीलाच पाच शब्द सांगून ठेवी, ते मधली कामे झाल्यावर, कुणी न सुचवता आठवायचे. सगळे मिळून तीस गुण.

ताईची पद्धत फार चांगली होती. आधी पडदा ओढायचा. चष्मा आहे का, कानातले यंत्र चालू आहे का, ते पाहायचे. नातेवाइकांना गोड बोलून बाहेर बसवायचे, कारण नातेवाईक जवळ असले की उत्तरे तेच देतात. मग ती स्टुलावर बसे, मला मांडीवर आडवे ठेवी आणि म्हणे, "ही काही शाळेतली परीक्षा नाही हं. कुठे मदत लागेल, तेवढंच बघायचंय."

एकदा एक आजी आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर फुलझाडांची रोपे विकली होती. त्यांनी माझ्यावर घड्याळ काढले, तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. मुलगी आत येऊन ते पाहून हसली, "आई, अर्धं घड्याळ कुठे गेलं गं?" ताई हसली नाही. ती म्हणाली, "आजींना डावीकडचं जाणवत नाहीये. ताटात डावीकडचं जेवण राहतं का?" मुलीचा चेहरा उतरला. आई ताटात अन्न टाकते म्हणून ती आठवडाभर तिच्यावर रागावत होती. त्या दिवसापासून जेवण अर्धे झाले की मुलगी मुकाट्याने ताट फिरवू लागली. तेव्हा मला वाटले, एखाद्या हुशार मुलीच्या काखेत राहून मी यापेक्षा मोठे काय केले असते? माझी मान ताठ झाली, आणि बहुतेक तिथेच माझे चुकले.

आता माझ्या पाठीची गोष्ट सांगतो. तपासणीचे कागद झेरॉक्सची झेरॉक्स काढून वापरले जात. होता होता त्यावरचे पाच शब्द इतके पुसट झाले, की ताईला डोळे बारीक करून वाचावे लागत. शेवटी तिने ते पाच शब्द एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिले आणि चिकटपट्टीने माझ्या पाठीवर चिकटवले. चमचा, पूल, मेंढी, जांभळा, दार. शब्द सांगायचे असले की ती मला क्षणभर उलटे करून पाही आणि परत मांडीवर ठेवी. पाठ मांडीकडे, त्यामुळे कुणाला काही दिसत नसे. मला तर ते बिरुदच वाटले. वॉर्डातल्या दुसऱ्या कोणत्या पॅडच्या पाठीवर एवढ्या वळणदार अक्षरांत काही लिहिले होते?

पुढे वॉर्डात खाटा वाढल्या. दोन खाटांमध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील इतकीच जागा उरली. बाहेरच्या तपासणी विभागात स्टुले कमी पडली, तेव्हा आमचे स्टूल तिकडे गेले ते गेलेच. ताईने दोनदा मागितले, दोनदा "बघतो" असे उत्तर मिळाले. मग ती उभ्यानेच काम करू लागली. डाव्या हातावर मला उभे धरायचे आणि उजव्या हाताने लिहायचे. म्हणजे माझे तोंड ताईकडे आणि पाठ थेट रुग्णाकडे. ताईच्या हे ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. मी आपला ताठ उभा.

त्याच दिवसांत मास्तर आले. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचे तीन मशिनांचे दुकान होते. झटका तसा हलका होता. उजवा हात दोन दिवस जड होता, मग तो उचलता येऊ लागला आणि मास्तरांनी सगळ्या वॉर्डाला हसवायला सुरुवात केली. सिस्टरला म्हणाले, "तुमच्या बाह्या कुणी शिवल्या हो? त्याला इकडे दाखल करा." ताईला पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे. ते पॅड त्या हातावर धरू नका." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी बसून म्हणायच्या, "यांचं डोकं बघा कसं चालतंय! चाळीस वर्षं झाली, एका गिऱ्हाइकाचं माप कधी कागदावर लिहिलं नाही. सगळं डोक्यात." मास्तर मान डोलवायचे. माप न लिहिणे हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान होता.

ज्या दुपारी त्यांची तपासणी झाली, त्या दुपारी ताईकडे पाच रुग्ण होते आणि मास्तरांना दुसऱ्या दिवशी घरी सोडायचे होते. तिने काकूंना बाहेर बसवले, मला हातावर उभे धरले आणि पाच शब्द सांगितले. मास्तरांनी ते लगेच परत म्हणून दाखवले. मग घड्याळ काढले, तेही ठीक. वजाबाकीत दोनदा चुकले, तर म्हणाले, "गणितात मी तेव्हाही नापासच." ताई हसली. मग तिने विचारले, "मास्तर, आता ते मघाचे पाच शब्द सांगा बरं."

मास्तरांनी वर छताकडे पाहिले, मग हाताकडे. चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, पण त्यामागे कुणी नव्हते. एवढा हजरजबाबी माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत मी भीती पाहिली. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"चमचा," ते म्हणाले. "पूल. मेंढी. जांभळा. दार."

"वा मास्तर! पाचही, आणि तेही ओळीनं!" ताई म्हणाली आणि तिने पाचपैकी पाच लिहिले. त्या पाच गुणांनी मास्तर पास होण्याच्या रेषेच्या वर गेले. खाली शेरा पडला: स्मरण व लक्ष ठीक, वेगळ्या मदतीची गरज नाही. माझ्याच छातीवर तिने तो लिहिला, मित्रांनो. जिन्यावरून तीनदा पडलेला मी, त्या क्षणी ताईच्या हातातून निसटून पडलो असतो तर किती बरे झाले असते! पण माझ्या मनात तेव्हा ते आलेसुद्धा नाही. मला आधी आनंदच झाला, की माझा रुग्ण पास झाला.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून सिस्टरने हाक मारली. ताई मला मास्तरांच्या पायाशी ठेवून धावली. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिले. मला उचलले, उलटे केले आणि शब्दांवर बोट ठेवून एकेक वाचला. मग डोळे मिटले. "चमचा... पूल..." पुढे काही येईना. परत वाचले, परत डोळे मिटले. "चमचा... पूल..." असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी त्यांच्या बोटाला घाम आला होता, तो मला कळला. मग त्यांनी मला हलकेच उताणे ठेवले, पाठ खाली करून.

काकू आत आल्या. "अहो, काय पुटपुटताय?"

"काही नाही. उद्या घरी सोडतायत."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्यावरच्या शेऱ्याकडे पाहून हात जोडले. मास्तरांना काय झाले आहे, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. एकाला सांगायचे नव्हते आणि दुसऱ्याला सांगता येत नव्हते.

सात आठवड्यांनी दोघे फेरतपासणीला आले. बाहेरच्या विभागात ताईला टेबल होते आणि मी टेबलावर पडलो होतो. मास्तर बारीक झाले होते. त्यांनी कुणाच्या बाहीवर एक शब्द काढला नाही. काकू मात्र खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"ताई, यांना जरा समजवा. बरे होऊन आले आणि स्वभावच बदलला. एकाच गिऱ्हाइकाचं माप तीन-तीनदा घेतात. एकाची बाही दुसऱ्याच्या अंगाला लावली, चार जणांचं कापड वाया घालवलं. सकाळची गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणतात, आणि गोळी तिथंच. आधी वाटलं, आजारी माणूस आहे. पण तुमच्या कागदावर तर लिहिलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून. मग मी म्हटलं, हे मुद्दाम करतात. काम नको, म्हणून नाटक."

"काकू..." ताई म्हणाली.

"मागच्या आठवड्यात माझा तोल गेला. दुकानात माणसं उभी होती. यांच्या हातातून मी कात्री ओढून घेतली आणि म्हटलं, डोकं दवाखान्यात ठेवून आलात की काय? तेव्हापासून मशिनवर बसले नाहीत. माझ्याशीही धड बोलत नाहीत."

ताईने नवा कागद माझ्या चिमट्यात लावला. सवयीने ती उभी राहिली आणि मला हातावर उभे धरू लागली. तेव्हा मास्तरांनी हात पुढे केला.

"ताई, ते उलटं करा आधी."

"काय?"

"तुमचं पॅड. मागच्या वेळी मला एकसुद्धा शब्द आठवला नव्हता. मी तिथं बघून सांगितले. गिऱ्हाइकाची चिठ्ठी टेबलापलीकडून वाचायची जन्माची सवय."

ताईने मला उलटे केले. चिठ्ठी तिथेच होती, कडेने जरा सुटलेली. ताई चिठ्ठीकडे पाहतच खुर्चीत बसली. ती म्हणाली, "चूक माझी आहे, मास्तर. तुमची नाही."

काकूंना हळूहळू उमगत गेले. "अहो, म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू गं? माप डोक्यात राहत नाही, असं सांगू? मग दुकानात मी कोण? आणि वाटलं, आठवत नाही म्हटलं तर घरी सोडायचे नाहीत."

"घरी सोडलंच असतं," ताई म्हणाली. "फक्त मी काकूंना बसवून चार गोष्टी सांगितल्या असत्या. गोळ्यांची वारांची डबी घ्या. मापं लिहायला लागा. चुकले तर आजार चुकतोय, माणूस नाही. एवढंच."

मग तिने माझ्या पाठीवरची चिठ्ठी काढून फाडली आणि नव्या शब्दांनी पुन्हा तपासणी केली. मास्तरांना पाचातला एक शब्द आठवला. ताईने तो गुण प्रामाणिकपणे लिहिला. नंतर ती म्हणाली, "मास्तर, टेप आहे ना खिशात? काकूंच्या बाहीचं माप घ्या. तुम्ही मोठ्यानं सांगायचं, काकूंनी लिहायचं."

मास्तरांनी खिशातून टेप काढून बोटांवरून सोडली. खांद्यावर एक टोक, मनगटावर दुसरे. हात अगदी पूर्वीसारखा चालत होता. "बावीस," ते म्हणाले. काकूंनी माझ्यावर बावीस लिहिले. मास्तर टेप गुंडाळू लागले आणि मध्येच थांबले.

"किती म्हणालो?"

"बावीस," काकू म्हणाल्या.

"बरं." टेपचा आणखी एक वेढा झाला. "किती होतं गं?"

"बावीस."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. काकूंनी त्याच सुरात सांगितले, "बावीस." मग त्यांचे डोळे भरून आले. "दुकानात मी बोलले ना, ते तेवढं विसरून जा हो."

मास्तरांनी टेप खिशात ठेवली. रागाने नव्हे, साधेपणाने ते म्हणाले, "तेवढंच लक्षात आहे बघ."

त्यानंतर ताईने स्टूल गेले त्या दिवसापासूनच्या सगळ्या रुग्णांची यादी काढली आणि चार दिवस एकेकाला फोन करून परत बोलावले. तेवीस जण होते. त्यांतले आणखी दोघे माझी पाठ वाचून पास झाले होते. नवे कागद छापून आले, नवी पॅड आली, स्टूलही परत आले. मला इथे वर ठेवले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मास्तर आता वहीत मापे लिहितात, असे ताई एकदा सिस्टरला सांगत होती. पण ते कापायला बसत नाहीत. कात्री काकूंच्याच हातात असते. "दे" म्हटले तर त्या देतील, पण ते मागतच नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा आजारातून उठून आले, चालू-बोलू लागले आणि तरी तेच तेच विचारू लागले, तर "मुद्दाम करतात" असे म्हणण्याआधी त्यांना एकदा नीट तपासून घ्या. तपासणीच्या वेळी बाहेर बसा, मधे मधे उत्तरे सांगू नका. आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारले तरी पहिल्यांदा सांगितले त्याच आवाजात सांगा. तो माणूस उत्तर विसरेल, पण तुमचा आवाज विसरणार नाही. हे मला फार उशिरा कळले. मास्तर आणि काकूंचे ते सात आठवडे मला कुठूनही परत आणून देता येत नाहीत.